इंग्रजी पळते, मराठी चालते

पाण्याच्या मोटारीबरोबर जी पुस्तिका मिळते ती कोणीही वाचत नाही, या एकाच विश्वासावर माझ्या भाषांतराच्या धंद्याची सुरुवात झाली. कॉलेज नुकतंच संपलं होतं, नोकरी लागत नव्हती, आणि ओळखीच्या एका छापखानेवाल्या नानांनी सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका हातात ठेवून, "परवापर्यंत मराठी करून आण," असं फर्मावलं. पानाला दहा रुपये. म्हणजे एकशे साठ रुपये! एवढ्या पैशांत मी शेक्सपिअरसुद्धा मराठीत आणून दिला असता.

पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना होती, 'डू नॉट रन ड्राय.' मी लिहिलं, 'कोरड्याने धावू नये.' खाली दुसरी सूचना होती, 'रन द मोटर फॉर फाइव्ह मिनिट्स.' मी लिहिलं, 'मोटार पाच मिनिटे धाववावी.' 'धाववावी' या शब्दावर मी स्वतःच खूश झालो होतो.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "अरे, ही मोटार विहिरीवर बोल्टनं आवळून बसवतात. ती धावायला लागली तर शेतकऱ्यानं काय बांधाबांधानं तिच्या मागं पळायचं? आणि हे 'कोरड्याने धावू नये' कोणाला सांगितलंयस, मोटारीला की शेतकऱ्याला?"

मी गप्प. नाना चौथी शिकलेले. त्यांनी कानामागची लाल पेन्सिल काढली आणि माझ्या ओळीवर काट मारून लिहिलं, 'मोटार कोरडी चालवू नये.' मग पुस्तिका माझ्याकडे सरकवत म्हणाले, "इंग्रजाची मोटार पळते, आपली चालते. एवढं ध्यानात ठेव आणि बाकीची पंधरा पानं पुन्हा कर."

पुढच्या आयुष्यात भाषाशास्त्रावरची बरीच जाडजूड पुस्तकं चाळली. नानांच्या त्या वाक्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

खरं तर चूक माझी नव्हती. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि पहिल्या महिन्यातच 'रन म्हणजे धावणे' हे छडीच्या साक्षीनं पक्कं व्हायचं. क्रियापदांची तिन्ही रूपं आम्ही परवच्यासारखी म्हणायचो. गो-वेंट-गॉन म्हणताना जीभ अडखळायची, पण रन-रॅन-रन मात्र सगळ्यांचं आवडतं. मैदानाला एक चक्कर मारून गडी पुन्हा आपल्या जागेवर हजर! इतक्या सरळ शब्दाच्या पोटात काही काळंबेरं असेल, अशी शंका कोणाला यावी?

शंका आठवीत आली. धड्यात नदी 'रन' झाली. ठीक आहे, डोंगरउतारावर नदी धावत असेल. मग गल्लीतला नळ धावला. मग साडीचा रंग धावला. आपल्याकडे साडीचा रंग नुसता जातो, तोही पहिल्या धुण्यात, आणि जाताना शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला घेऊन जातो. मग एका मुलाचं नाक धावलं. अंगातला ताप धावला. गावाभोवतीची भिंत धावली. शेवटी एका वाक्यात एक बाई आजारी नवऱ्याची सेवा करून दुकान 'रन' करत होती, तेव्हा वर्गातल्या एका मुलानं सरांना विचारलं, "सर, दुकान घेऊन ती कुठं पळाली?" सरांनी त्याला बाकावर उभं केलं. अर्थ सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

सरांचाही नाइलाज असणार, हे मला फार उशिरा समजलं. इंग्रजी भाषेचं सगळ्यात मोठं खातं म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी तिच्या संपादनाचं काम अंगावर घेतलं, तेव्हा दहा वर्षांत सगळं आटपेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, म्हणजे १८८४ मध्ये, पहिला भाग छापून झाला. तो 'ए'पासून 'अँट'पर्यंत पोहोचला होता. अँट म्हणजे मुंगी. मुंगीच्या पावलानं काम चाललंय, हे जगाला कळवायची याहून प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही. मरे १९१५ साली गेले आणि कोश पुरा झाला १९२८ साली. आपल्या सरकारी पुलांची थट्टा करताना हे लक्षात ठेवावं.

या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तिच्यात सगळ्यात लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. अर्थ सुमारे ४३०. पण तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'नं बाजी मारली. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर नऊ महिने काढले. नऊ महिन्यांनी जे जन्माला आलं ते असं की नुसत्या क्रियापदाचे अर्थ ६४५. ही मोजदाद २०११ साली जाहीर झाली. पाचवीत आम्हाला त्यातला एक शिकवला होता. उरलेले ६४४ पुढच्या वर्गांत शिकवू, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

हा रोग जुनाच. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात 'टेक' या चार अक्षरी शब्दाचे १३४ अर्थ दिले होते. टेक म्हणजे घेणे. एखाद्या माणसानं काय काय घ्यावं याला मर्यादा असते. जॉन्सनसाहेबांना ती दिसली नाही.

आता नानांच्या सिद्धांताकडे येतो. इंग्रज जे जे पळवतो, ते ते आपण चालवतो. त्याचं दुकान पळतं, आपलं चालतं. त्याचं यंत्र पळतं, आपलं चालतं. तो घर, कारखाना, शाळा, सरकार सगळं पळवतो. आपण संसार चालवतो, पतपेढी चालवतो, सरकार चालवतो. नाटक चालतं, नाणं चालतं, कोर्टात खटला चालतो, डोकं चाललं तर तेही चालतं. एखाद्याचं काहीच चालत नसेल, तर 'घरात त्याचं काही चालत नाही' असं म्हणायची सोय आहे. आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मराठी माणूस एका शब्दात जी मान्यता देतो, तो शब्दही हाच. चहात साखर कमी आहे, चालेल? चालेल. खुर्ची नाही, सतरंजीवर बसाल? चालेल. कोल्हापूरकडे तर 'चालतंय की' एवढं म्हटलं की पंचायतीचा ठराव पास होतो.

साहेब दीडशे वर्षं इथं राहिला, सगळ्यांना पळवून गेला, आणि आपण त्याच्या पळण्याला 'चाललंय' म्हणत राहिलो. कोण जिंकलं, हे मी सांगणार नाही.

निवडणुकीत तर 'रन' या क्रियापदानं साहेबांच्याच घरात फूट पाडली आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. इंग्लंडमध्ये तो उभा राहतो. धावणाऱ्या अमेरिकेकडे महासत्तापद गेलं, उभ्या राहिलेल्या इंग्लंडकडे राजवाडा राहिला, असा अर्थ काढायचा मोह होतो. आपण इंग्लंडच्या वळणावर गेलो. आपलाही उमेदवार उभाच राहतो. पण इंग्रजाची शब्दसंपत्ती उभं राहून संपते, आपली तिथून सुरू होते. उमेदवार आधी उभा राहतो. मग त्याला कोणी तरी बसवतं. काय देऊन बसवलं, याची चर्चा टपरीवर होते. बसला नाही तर तो पडतो. आपसूक पडला नाही तर त्याला पाडतात. फार वाईट पडला तर तो आपटतो. निवडून आला तर पाच वर्षांत कुठं तरी उडी मारतो. उभं राहणं, बसणं, पडणं, आपटणं, उडी मारणं ही सगळी कसरत आपल्या लोकशाहीत होते. धावणं तेवढं नाही. ते मतदाराकडे आहे, टँकर आला की.

'रन'ला मराठीत खरा मान मिळाला तो क्रिकेटमध्ये. तिथं मात्र आपण त्याचं शुद्ध भाषांतर केलं आणि धाव म्हणालो. धावसंख्या, धावफलक, धावगती. ज्या षटकात काही होत नाही ते निर्धाव षटक. साहेब त्याला मेडन म्हणतो, म्हणजे कुमारिका. गोलंदाजाच्या सहा चेंडूंचा आणि कुमारिकेचा काय संबंध, हे आपण त्याला विचारत बसलो नाही. आपला शब्द करून मोकळे झालो. आणि फलंदाज बाद कसा झाला हे सांगायला तर आपण थेट कुस्तीच्या आखाड्यातून शब्द उचलला. धावचीत, यष्टिचीत, पायचीत, त्रिफळाचीत! इंग्रजीत फलंदाज नुसता 'आउट' होतो, बाहेर जातो. मराठीत त्याची पाठ मातीला लागते.

गंमत अशी की, धाव काढायला धावावं लागतंच असं नाही. चेंडू सीमापार गेला की फलंदाज खेळपट्टीच्या मध्यावर उभा राहून हातमोजा नीट करतो आणि त्याच्या नावावर चार धावा लागतात. षटकार मारला तर सहा. जितकं कमी धावाल तितक्या जास्त धावा. कुठल्याही कार्यालयातला मोठा साहेब याच तत्त्वावर मोठा झालेला असतो. आणि याच खेळानं माझ्या मुलीच्या डोक्यात गोंधळ घातला. तिच्या इंग्रजी पुस्तकात वाक्य होतं, 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.' तिनं मराठी केलं, 'आमचं दूध धावचीत झालं.' मी ते चूक ठरवलं नाही. भल्या पहाटे आलेला पाहुणा आणि शेवटची पिशवी, यात खेळपट्टीवर घडतं त्याहून वेगळं काय घडतं?

मुंबईच्या लोकलचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. इथं इंग्रजी 'रनिंग लेट' जसंच्या तसं मराठीत उतरलं आहे. फलाटावर घोषणा होते, "गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे." त्या क्षणी ती गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये, खाडीच्या वासात, निश्चल उभी असते. आतले लोक डबा उघडून भेंडी वाटून खात असतात. पण घोषणेत ती धावत असते. उशिरानं का होईना. नाना असते तर त्यांनी उद्घोषकाच्या खोलीत शिरून लाल पेन्सिल चालवली असती.

त्याच फलाटावर या शब्दाचा दुसरा, संपूर्ण देशी अवतार भेटतो. तो म्हणजे रनिंग. "मी रनिंगमध्ये चढतो, तुझ्यासाठी खिडकी पकडतो." गाडी थांबायच्या आत डब्यात उडी मारणं म्हणजे रनिंग. हा अर्थ गिलिव्हरसाहेबांच्या ६४५ मध्ये असावा असं वाटत नाही. असला तरी दाराच्या मधल्या दांड्याला लटकून पाहिल्याशिवाय तो समजत नाही. जुनी स्कूटर विकणारा सांगतो, गाडी 'रनिंग कंडिशन'मध्ये आहे. विकत घेणारा विचारतो, रनिंग किती झालंय? पहिल्या रनिंगचा अर्थ 'ढकलल्यावर सुरू होते', दुसऱ्याचा अर्थ 'किती किलोमीटर'. आणि ज्यानं घराचं काम काढलंय त्याला या सगळ्यांचा बाप भेटतो. रनिंग फूट.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कपाटं करायची होती. सुतार आला, टेप लावला, म्हणाला, "रनिंग फुटावर पडेल."

बायको म्हणाली, "ओटा कुठं धावणार आहे?"

"तसं नाही ताई. उंची धरायची नाही, नुसती लांबी धरायची. चौरस फूट वेगळा, रनिंग फूट वेगळा."

ताईंना वेगळेपणा कळला, मला कळला नाही, भाव दोघांनाही परवडला नाही, पण आम्ही हो म्हणालो. सुतारानं निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि चौथ्या दिवसापासून यायचा बंद झाला. त्या सबंध व्यवहारात रनिंग असं काही झालं असेल तर तेवढंच. मी दिवसातून दहादा फोन करू लागलो. लागेना.

आणि इथंच इंग्रजीला हसण्याचा माझा परवाना रद्द झाला.

आमच्या शेजारी बँकेत बदली होऊन आलेले एक गृहस्थ राहतात. मूळचे चेन्नईचे, घरात तमिळ, बँकेत इंग्रजी, आणि गिऱ्हाइकांशी मराठीतच बोलायचं असा त्यांचा निश्चय. खिशात छोटी वही असते. मी गॅलरीत उभं राहून म्हणालो, "फोन लागत नाही." त्यांनी वही काढली.

"लागत नाही म्हणजे? काल तुम्ही म्हणालात, डोक्याला दार लागलं. दार लागलं म्हणजे दुखलं. मग फोन लागत नाही म्हणजे दुखत नाही?"

"नाही, नाही. डोक्याला दार लागलं म्हणजे आपटलं. नुसतं दार लागलं म्हणजे बंद झालं."

"आणि दिवा लागला म्हणजे बंद झाला?"

"दिवा लागला म्हणजे सुरू झाला."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी आठवीत धावणाऱ्या भिंतीकडे पाहिलं होतं. दार लागलं की बंद, दिवा लागला की सुरू. एका शब्दाला दोन उलट कामं आम्ही बिनदिक्कत सांगतो आणि वर इंग्रजी भाषेला वेडी म्हणतो.

मग त्यांनी वही पुढं केली. आधीच्या नोंदी वाचून मला घाम फुटला. भूक लागते, तहान लागते, झोप लागते. ठेच लागते, ऊन लागते, दृष्ट लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, लॉटरी लागते, शेवटी वाट लागते. भाजी तिखट लागते आणि दूध खाली लागतं. विहिरीला पाणी लागतं, झाडाला आंबे लागतात, आंब्याला कीड लागते. थिएटरात सिनेमा लागतो, मांडवात लग्न लागतं, त्यानंतर दोन घरचे लोक एकमेकांचे कोण कोण लागतात. वेळ लागतो, पैसे लागतात, ओळख लागते. बाळ रडू लागतं आणि आईला उठावं लागतं. सूर लागतो, समाधी लागते, ग्रहण लागतं, सुतक लागतं. म्हणजे बारशापासून तेराव्यापर्यंत मराठी माणसाला सतत काही ना काही लागत असतं.

शेवटच्या पानावर त्यांनी एसटी स्टँडवरचा अनुभव लिहून ठेवला होता. एक बाई म्हणाल्या, "साताऱ्याची गाडी लागली." म्हणजे फलाटावर येऊन उभी राहिली. दुसऱ्या म्हणाल्या, "मला गाडी लागते." यांना वाटलं, बाईंना गाडीची गरज आहे, म्हणून त्यांनी उठून खिडकीची जागा दिली. ते योग्यच ठरलं, पण घाटात, वेगळ्या कारणानं. त्यापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

मला आता ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या मोल्सवर्थसाहेबाबद्दल फार आदर वाटू लागला आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंना बरोबर घेऊन, इथल्या शास्त्र्यांच्या मदतीनं मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. अजूनही तो कोश उघडल्याशिवाय मराठीच्या अभ्यासकाचं पान हलत नाही. जॉन्सनला 'टेक' समजायला त्याची मायबोली होती, गिलिव्हरला 'रन'साठी ऑक्सफर्डची सगळी ग्रंथालयं होती. मोल्सवर्थसमोर मात्र 'लागणें' हे क्रियापद आलं, तेव्हा तो परका माणूस होता आणि बाहेर ऊन लागत होतं. तरी त्यानं पळ काढला नाही.

एकाच शब्दाला इतके अर्थ का चिकटतात, याचं उत्तर कोशात नाही, घरात आहे. ज्याला काम जमतं त्यालाच काम सांगतात. 'किंकर्तव्यमूढ' या शब्दाकडे बघा. चांगला भारदस्त, संस्कृत घराण्यातला. जन्मभर एकच अर्थ सांभाळून दिवाणखान्यात बसून आहे. त्याला कोणी हाक मारत नाही. उलट रन काय, टेक काय, लागणे काय, चालणे काय, ही घरातली हाताखालची माणसं. पाणी दे, दार लाव, दिवा लाव, दुकान बघ, पोराला आण. कोणी काही नवीन आणलं, आगगाडी आणली, मोटार आणली, टेलिफोन आणला, की त्याला नवा नोकर ठेवण्याऐवजी याच गड्याला हाक. म्हणून त्याच्या नावावर ६४५ कामं चढतात. अर्थ वाढणं ही शब्दाची लबाडी नाही, त्याची नोकरी आहे.

त्यामुळे कोणी इंग्रजीत चुकला, कोणी 'माझं नाक धावतंय' म्हणाला, किंवा चेन्नईचा गृहस्थ 'मला बँक लागते' म्हणाला, तर हसायच्या आधी एक प्रयोग करून बघा. सकाळी उठल्यापासून आपल्या घरात 'लागणे' किती वेळा येतं ते मोजा. मी परवा शेजाऱ्यांची वही उसनी आणून मोजायला बसलो. नऊ वाजेपर्यंत तेवीस झाले. चोविसावा बायकोच्या तोंडचा होता.

"वहीत काय रेघोट्या ओढताय? गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणावं लागेल."

यादी तिथंच थांबली आहे.